आरसी गाडीचा रेडिओ: जोडणी, सेटिंग आणि देखभाल

आरसी, म्हणजे रेडिओ कंट्रोलची गाडी मैदानात मधेच थबकली किंवा मनाला येईल तिकडे वळली, की आजूबाजूचे सगळे एकच निदान सांगतात: "रेंज गेली." २.४ गिगाहर्ट्झच्या आजच्या रेडिओत हे क्वचितच खरं असतं. मोकळ्या मैदानात गाडी नीट दिसते तिथपर्यंत सिग्नल आरामात पोचतो. दुखणं बहुधा गाडीच्या पोटात असतं. कनेक्टर ढिला असतो, बॅटरी उतरलेली असते, सर्वो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर, कुठेतरी अडून करंट खात असतो, नाहीतर अँटेना चेसिसखाली चेपलेली असते. त्यामुळे हा लेख रेडिओचा असला तरी त्यात विजेबद्दल बरंच येणार आहे.

इथे गृहीत धरली आहे ती १/१० मापाची, बॅटरीवर चालणारी गाडी आणि पिस्तुलाच्या पकडीचा रिमोट. रॉक क्रॉलरला, म्हणजे खडकांवर चढणाऱ्या गाडीला, किंवा बोटीला यातलं जवळजवळ सगळं लागू पडतं. विमान आणि ड्रोनची गोष्ट वेगळी. तिथे ड्रोन नियम २०२१ येतात, ते आधी वाचल्याशिवाय काही उडवू नका.

काय कशाला जोडलेलं असतं

हातात ट्रान्समीटर, म्हणजे आपण ज्याला रिमोट म्हणतो तो. गाडीत काडेपेटीएवढा रिसीव्हर. त्याच्या एका चॅनेलला स्टिअरिंगचा सर्वो लागतो, दुसऱ्याला ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा. बॅटरी ईएससीला जोडतात, आणि ईएससीकडून मोटरला तारा जातात.

रिसीव्हर सर्वोला साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स पाठवतो. पल्स १.५ मिलिसेकंदांची असली की सर्वो मध्यावर, १ ची असली की एका टोकाला, २ ची असली की दुसऱ्या. ट्रिम, सब-ट्रिम, एंड पॉइंट अशी रिमोटवरची नावं ऐकून नवा माणूस बिचकतो, पण ही सगळी बटणं या पल्सची लांबी थोडी इकडेतिकडे करतात, बस.

सर्वात दुर्लक्षित भाग म्हणजे बीईसी. रिसीव्हरला स्वतःची बॅटरी नसते. ईएससीच्या आत बसलेलं हे सर्किट मोठ्या बॅटरीतून ५ किंवा ६ व्होल्ट काढून रिसीव्हरला देतं, आणि सर्वोही त्यावरच जगतो. सर्वो कशाला तरी अडून जोर लावत राहिला की एक-दोन अँपिअर सहज ओढतो, ताकदवान सर्वो त्याहून बराच जास्त. बीईसी तोकडी असेल तर व्होल्टेज खाली येतं, रिसीव्हर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि तेवढ्यात गाडी कुंपणावर गेलेली असते. यालाच लोक "रेंज गेली" म्हणतात.

फ्रिक्वेन्सीबद्दल थोडं

जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या संचात फ्रिक्वेन्सी ठरवणारे क्रिस्टल असायचे. एकाच क्रिस्टलचे दोन रिमोट मैदानात चालू झाले की एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची गाडी पळायची, म्हणून क्लबांमध्ये फ्रिक्वेन्सीच्या क्लिपा लावायचा फळा असे आणि ज्याच्याकडे क्लिप त्यानेच रिमोट चालू करायचा. २.४ च्या रेडिओत ही भानगड संपली. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकमेकांची ओळख लक्षात ठेवतात आणि बहुतेक संच सेकंदाला अनेकदा चॅनेल बदलत राहतात. भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत २००५ पासून परवानामुक्त आहे, त्यामुळे गाडी चालवायला वेगळा परवाना काढावा लागत नाही.

घेताना

तयार गाडीबरोबर रेडिओ येतो आणि सुरुवातीला तो पुरतो. वेगळा घेणार असाल तर आधी जादा रिसीव्हर मिळतो का आणि केवढ्याला, ते पाहा. एका कंपनीचा रिसीव्हर दुसरीच्या ट्रान्समीटरला सहसा बाइंड होत नाही, म्हणजे त्यांची जोडी जमत नाही, आणि एकाच कंपनीच्या दोन पिढ्याही कधीकधी एकमेकींना ओळखत नाहीत. फ्लायस्कायचा स्वस्त संच नवशिक्याला उत्तम. फुताबा, सान्वा हातात घेतल्यावर फरक कळतो, पण तो फरक खिशालाही कळतो. मॉडेल मेमरी (प्रत्येक गाडीची सेटिंग वेगळी लक्षात ठेवणं) आणि फेलसेफ (सिग्नल तुटला की गाडी थांबवणं) या दोन गोष्टी मात्र असायलाच हव्यात.

अमेरिकेतून किंवा आखातातून येणाऱ्या नातेवाइकांकडून सामान मागवणारे बरेच आहेत. त्यांना एक नक्की सांगा: सुटी लिथियम बॅटरी चेक-इन बॅगेत चालत नाही, केबिनमध्ये हातात आणायची, टोकांना टेप लावून. १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी सहसा चालते. ७.४ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर-अवर म्हणजे ३७, तेव्हा नेहमीचा टू-एस, म्हणजे दोन सेलचा, पॅक त्यात बसतो. तरी एअरलाइनचे नियम एकदा पाहून घ्यायला सांगा.

पहिली जोडणी

गाडी आधी एखाद्या डब्यावर ठेवा, चारही चाकं हवेत. सेटिंगचं सगळं काम असंच करायचं. टेबलावर ठेवलेली गाडी एका चुकीच्या बीपनंतर थेट समोरच्या काचेच्या कपाटात जाते.

सर्वोच्या प्लगला तीन तारा असतात. काळी किंवा तपकिरी ऋण, लाल धन, आणि पांढरी, पिवळी किंवा नारिंगी ती सिग्नलची. रिसीव्हरवर कुठल्या बाजूला कुठली पिन, याचं छोटं चिन्ह छापलेलं असतं. पहिल्या चॅनेलला स्टिअरिंग, दुसऱ्याला ईएससी.

अँटेनाकडे नीट पाहा. रिसीव्हरमधून निघणाऱ्या बारीक वायरीच्या टोकाला जेमतेम ३ सेंटिमीटरचा, वरची जाळी सोललेला तुकडा दिसेल. खरी अँटेना तेवढीच, साधारण ३१ मिलिमीटर, म्हणजे या लहरीच्या लांबीचा चौथा हिस्सा. बाकीची वायर नुसती तिथपर्यंत सिग्नल नेते. हे टोक प्लॅस्टिकच्या नळीतून सरळ उभं राहिलं पाहिजे, कार्बनच्या पट्टीला किंवा मोटरच्या तारांना चिकटून नाही. कापायचं तर नाहीच. "लांब होती म्हणून छाटली" हे वाक्य दर पावसाळ्यात कुणा ना कुणाकडून ऐकू येतं, आणि अशा रिसीव्हरची रेंज मग गल्लीपुरती उरते.

बाइंड

बहुतेक संचांत रिसीव्हरच्या ठरलेल्या पोर्टमध्ये बाइंड प्लग खोचायचा आणि गाडीला वीज द्यायची. रिसीव्हरचा दिवा भराभर लुकलुकतो. मग ट्रान्समीटरचं बाइंड बटण दाबून धरत तो चालू करायचा. दिवा स्थिर झाला की दोन्ही बंद करा, प्लग काढा, पुन्हा नेहमीसारखं चालू करा. काही संचांत हा क्रम उलटा असतो, माहितीपत्रक बघा.

या वेळी ट्रिगरला बोट लावू नका. काही रिसीव्हर बाइंड होताना ट्रिगर जिथे असेल ती जागाच फेलसेफ म्हणून साठवतात. आणि प्लग काढायला विसरलात तर गाडी दर वेळी चालू केल्यावर दिवा लुकलुकवत बसेल आणि तुम्ही रिसीव्हर बिघडला म्हणून दुकानात जाल.

सर्वोचा मध्य

घाई करणारे इथेच फसतात. गाडी एका बाजूला ओढते म्हटल्यावर ते ट्रिमचं बटण टकटक दाबत सुटतात, आणि मग डावीकडे भरपूर वळणारी गाडी उजवीकडे वळेनाशी होते. क्रम असा ठेवा:

१. स्टिअरिंगची ट्रिम आणि सब-ट्रिम, म्हणजे सर्वोचा मध्य सरकवणारी सेटिंग्ज, शून्यावर आणा.
२. सर्वोच्या शाफ्टवरचा हॉर्न, म्हणजे तो हलणारा दांडा, स्क्रू काढून उपसून घ्या.
३. रेडिओ चालू करा. सर्वो आपोआप मध्यावर जाईल.
४. चाकं हाताने सरळ धरून हॉर्न स्टिअरिंगच्या दांडीशी काटकोनात येईल असा परत बसवा.

अगदी काटकोनात तो बसणार नाही. २५ दातांच्या शाफ्टवर एक दात सरकवला की हॉर्न १४.४ अंश फिरतो, त्यामुळे जवळात जवळचा दात पकडायचा आणि उरलेला फरक सब-ट्रिमने काढायचा. तरीही चाकं सरळ दिसली नाहीत तर स्टिअरिंगच्या लिंकची, म्हणजे त्या दांडीची, लांबी जुळवा. रिमोटवरची ट्रिम मैदानासाठी राखून ठेवा.

हॉर्न विकत घेताना दात मोजून घ्या: फुताबा पद्धतीच्या शाफ्टला २५, हायटेकच्या बऱ्याच सर्वोंना २४, जेआर पद्धतीला २३. चुकीचा हॉर्न ठोकून बसवला तर बसतोही, आणि दुसऱ्या उडीत दात सोलून निघतो.

एंड पॉइंट: कान लावा

चाकं पूर्ण एका बाजूला वळवून तशीच धरा आणि गाडीजवळ कान न्या. सर्वो बारीक, चिडक्या आवाजात गुणगुणत असेल, तर चाकं त्यांच्या यांत्रिक हद्दीला जाऊन टेकली आहेत आणि सर्वो अजूनही ढकलतो आहे. त्या बाजूचा एंड पॉइंट, रिमोटवर तो ईपीए नावाने असतो, एकेक टक्का कमी करत जा. आवाज जिथे थांबतो ती तुमची हद्द. मग दुसरी बाजू. दोन्हींचे आकडे वेगळे येतील, ते ठीक आहे.

या पाच मिनिटांच्या कामाने सर्वो वाचतो, बीईसीवरचा ताण जातो आणि "रेंज"च्या अर्ध्या तक्रारी बंद होतात. एवढं करूनही नुकत्याच घेतलेल्या सर्वोचा आवाज मध्यावर असतानाच येत राहिला तर लिंक काढून बघा. आवाज थांबला तर स्टिअरिंग कुठेतरी घट्ट आहे. नाही थांबला तर सर्वोच्याच पोटात काहीतरी आहे. डिजिटल सर्वो मात्र स्वभावानेच थोडा कुजबुजतो.

ईएससीला रिमोट शिकवणं

थ्रॉटलचा, म्हणजे ट्रिगरने चालणाऱ्या वेगाच्या चॅनेलचा, ट्रिम शून्य, एंड पॉइंट १००. थ्रॉटलचा रिव्हर्स स्विच (चॅनेलची दिशा उलटवणारा) बदलायचा असेल तर तोही आधीच. ट्रान्समीटर चालू, मग ईएससीचं सेट बटण दाबून धरत ईएससी चालू. ट्रिगर मोकळा ठेवून बटण, पूर्ण ओढून बटण, पूर्ण ढकलून बटण. दर वेळी बीप येतो. बटणांचा तपशील कंपनीनुसार बदलतो, पण मोकळा, पूर्ण पुढे, पूर्ण ब्रेक हा क्रम बहुतेक ठिकाणी हाच.

यानंतर गाडी उलटीच पळू लागली तर? सेन्सर नसलेल्या ब्रशलेस मोटरच्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करा. सेन्सरची मोटर असेल तर तारांना हात लावू नका, ईएससीच्या सेटिंगमधून दिशा बदला. बॅटरीच्या तारा उलट करणं हा यावरचा उपाय कधीच नव्हे, त्याने ईएससी धूर सोडून कायमची झोपते.

आणि रिव्हर्स लागत नाही म्हणून घाबरू नका. बऱ्याच ईएससींमध्ये ट्रिगर पहिल्यांदा ढकलला की ब्रेक लागतो. मध्यावर सोडून पुन्हा ढकलला की गाडी मागे जाते.

फेलसेफ आणि रेंजची चाचणी

सिग्नल तुटला तर गाडीने काय करायचं, ते फेलसेफमध्ये ठरतं. थ्रॉटल मध्यावर किंवा हलका ब्रेक, एवढंच. तपासायला गाडी डब्यावर ठेवा, ट्रिगर थोडा ओढून चाकं फिरवा आणि ट्रान्समीटर बंद करा. क्षणात चाकं थांबली पाहिजेत. फिरत राहिली तर ती गाडी मैदानात नेऊ नका. दोन किलोची गाडी ताशी ४० किलोमीटरने एखाद्या पोराच्या घोट्यावर आदळली तर हाड मोडू शकतं.

रेंजसाठी मित्राच्या हातात गाडी द्या, चाकं त्याच्या अंगापासून लांब. तुम्ही स्टिअरिंग हलवत चालत दूर जा, नेहमी गाडी जिथवर पळवता त्याहून पुढे. चाकं न अडखळता वळत राहिली की झालं. ट्रान्समीटरला बाहेर अँटेना असेल तर तिचं टोक गाडीवर रोखू नका, टोकाच्या दिशेलाच सिग्नल सर्वात कमी जातो. माणसांचं शरीर २.४ च्या लहरी शोषतं, त्यामुळे प्रेक्षकांच्या घोळक्यामागून गाडी चालवणं टाळा.

चालवताना

चालू करताना आधी ट्रान्समीटर, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग ट्रान्समीटर. इतकं साधं असून हे सर्वात जास्त वेळा चुकतं, विशेषतः पोरं चिडवत असतात तेव्हा.

पहिले काही पॅक थ्रॉटलचा एंड पॉइंट ५० टक्क्यांवर ठेवून चालवा. कॅलिब्रेशन, म्हणजे ईएससीला रिमोट शिकवणं, झाल्यावरच हा आकडा कमी करायचा, आधी नाही. गाडी तुमच्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं होतं, त्याला सराव हाच उपाय. दोन चपला दहा पावलांवर ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत राहा. वेग लागत नाही, जागाही फार लागत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मात्र हे करू नका. गाड्यांना ओरखडे पडतात, आणि सेक्रेटरी तुमचा छंद जनरल बॉडीच्या अजेंड्यावर घेतात.

बॅटरी

लायपोचा, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीचा, एक सेल सरासरी ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२, आणि ३.० च्या खाली गेला की खराब व्हायला लागतो. म्हणून ईएससीचा कटऑफ, म्हणजे ज्या व्होल्टेजला ती मोटर तोडते तो आकडा, सेलमागे ३.२ किंवा ३.३ वर ठेवा. काही ईएससींवर लायपो आणि एनआयएमएच (निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी) असं निवडायचा छोटा जंपर असतो. तो चुकीच्या जागी राहिला तर लायपोसाठीचा कटऑफ लागतच नाही आणि पॅक एका दुपारीत मरतो.

चार्ज नेहमी बॅलन्स मोडवर (सगळे सेल सारखे भरणारा), वन-सी दराने: ५००० एमएएचच्या पॅकला ५ अँपिअर. गादीवर, सोफ्यावर कधी नाही. फरशीवर, लायपोच्या पिशवीत, आणि तुम्ही त्याच खोलीत जागे असताना. पुढचे काही दिवस गाडी चालवणार नसाल तर चार्जरच्या स्टोरेज मोडवर सेलमागे ३.८ ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवा. फुगलेला पॅक "अजून चालतो" म्हणून वापरू नका आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात कुठलाही पॅक बंद कारच्या डिकीत विसरणं म्हणजे आगीला आमंत्रण.

कनेक्टर बदलताना बॅटरीची एक तार कापा, तिचं सोल्डरिंग पुरं करा, त्यावर श्रिंक ट्यूब चढवा, आणि मगच दुसरीला हात लावा. दोन्ही तारा एकदम कात्रीत आल्या की कात्रीचं पातं वितळतं.

देखभाल

प्रत्येक वेळी चालवून झाल्यावर बॅटरी काढा, ब्रशने माती झाडा, प्लग एकेक करून हलक्या हाताने ओढून पाहा. उड्या मारणाऱ्या गाडीत ते हळूहळू सरकतात. वायर जिथे वाकते तिथलं आवरण तडकलं आहे का, ते पाहा. मोटरवर बोट टेकवता येईना इतकी ती तापत असेल तर पिनियन, म्हणजे मोटरवरचं छोटं दातेरी चाक, एखाद्या दाताने लहान लावा. पिनियन आणि स्पर (ते ज्याला फिरवतं ते मोठं दातेरी चाक) यांच्यातली फट जुळवायला वहीच्या कागदाची पट्टी दोघांमधून फिरवून काढा. पट्टी चुरगळली पण फाटली नाही, म्हणजे बरोबर.

गाडीवर वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी ते बहुधा इलेक्ट्रॉनिक्सपुरतं असतं. बेअरिंगं गंजतात, कनेक्टर हिरवे पडतात. पावसात चालवलीत तर पंख्याखाली सुकवा, बेअरिंगला थेंबभर तेल द्या आणि रिसीव्हरचा डबा उघडून आत ओल नाही ना, ते बघा. वायरी डब्यात शिरतात त्या भोकाशी जरासं सिलिकॉन ग्रीस लावलं की पाणी आत जात नाही.

कोकणातल्या, गोव्यातल्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत गाडी पळवायचा मोह सगळ्यांनाच होतो. माझं मत: पळवू नका. गोडं पाणी सुकतं, खाऱ्या पाण्याचं मीठ मागे राहतं आणि तांबं खातं. खारं पाणी लागलंच तर लगेच बॅटरी काढा, रिसीव्हर आणि ईएससी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, दोन दिवस सुकू द्या, मगच वीज द्या. कोरड्या लाल मातीवर मात्र खुशाल खेळा, ती ब्रशने निघते.

बिघडली तर

आधी दोन्हीकडच्या बॅटऱ्या मोजा. मग प्लग. मग अँटेना. रिसीव्हरवर संशय सर्वात शेवटी घ्यायचा.

जोरात पळताना किंवा वळतानाच गाडी अडखळते आणि उभी असताना ठीक असते: व्होल्टेज पडतंय. सर्वोची लिंक सोडून पाहा, एंड पॉइंट पाहा, आणि ताकदवान सर्वो लावला असेल तर त्याला वेगळी बीईसी द्या. स्टिअरिंग चालतं पण मोटर नाही: ईएससी कटऑफमध्ये गेली असेल किंवा तापून बंद झाली असेल. काहीच हलत नाही आणि रिसीव्हरचा दिवाही नाही: वीज पोचत नाही, रेडिओला हात लावू नका. दिवा लुकलुकतोय: बाइंड सुटलं, बाइंड प्लग राहिला, किंवा रिमोटवर दुसऱ्याच गाडीची मेमरी निवडली आहे. हात न लावता चाकं थरथरतात: ट्रिगरच्या किंवा स्टिअरिंग व्हीलच्या आतला पोटेन्शिओमीटर, म्हणजे ते किती फिरलं हे ओळखणारा भाग, मळला असेल, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पुरतो.

राहिला ट्रान्समीटर. त्याला कुणी विचारत नाही, कारण तो चिखलात जात नाही. पण पावसाळाभर कपाटात ठेवताना त्यातले पेन्सिल सेल काढायलाच हवेत, अल्कलाइन सेल फुटून स्प्रिंगांवर पांढरट पूड जमते आणि ऑगस्टमध्ये रिमोट लागत नाही. अशी पूड दिसली तर कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन ती काढा, मग अल्कोहोलने पुसून कोरडं करा. स्प्रिंग गंजून तुटलीच असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारा. रिमोट सोबत न्या आणि स्प्रिंग दुकानातच बसवून बघा.